गोव्यातला चहा: सुटा, पुडी, प्रीमिक्स की माचा? एका दुकानदाराचा प्रश्न

डिचोलीचा_दुकानदार

नमस्कार मंडळी,

डिचोली बाजारात आमचं चहा-साखरेचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. सुटा चहा हा मूळ धंदा. आजूबाजूच्या गावांतले गाडे, छोटी हॉटेलं, कॅन्टीनवाले, जत्रेतले स्टॉलवाले आमच्याकडून माल नेतात. हल्ली मुलगा दुकानात बसू लागलाय आणि त्याचं एकच टुमणं आहे: आपली स्वतःची पुडी काढू, छानसं नाव देऊ, इन्स्टाग्रामवर टाकू. मी नको म्हणत नाही. पण पुडी कोणासाठी हे ठरल्याशिवाय पाऊच छापायला टाकायची माझी तयारी नाही. गल्ल्यावरून जे दिसतं ते लिहितो, तुम्ही भर घाला.

घरगुती गिऱ्हाइकाने सुट्या चहाकडे पाठ फिरवून बरीच वर्षं झाली. सुटा नेणारे आता बहुतेक साठी ओलांडलेले. ते अजून चिमूटभर मामरी, म्हणजे दाणेदार चहा, तळहातावर घेतात, दाणा बघतात, हलकी फुंकर मारून भुकटी किती उडते ते बघतात आणि मग 'गेल्या खेपेचाच दे' म्हणतात. त्यांच्या सुना २५० ग्रॅमची कंपनीची पुडी नेतात. अर्ध्या किलोची पुडी आता चवथीला नाहीतर लग्नघरी. घरात माणसं तीन, त्यातलं एक ऑफिसात चहा पिणारं, एक 'मी चहा सोडला' म्हणणारं. अर्धा किलो संपायला दीड-दोन महिने लागतात आणि आपल्या पावसाळ्यात तोवर पत्ती सादळून जाते.

दुसरं गिऱ्हाईक दहा रुपयांच्या पाकिटाचं. औद्योगिक वसाहतीतले आणि बांधकामावरचे कामगार, ओडिशा, झारखंड, बिहार, उत्तर कर्नाटकातले. एका खोलीत चौघे-पाचजण, रोजचं रोज आणणार. मला वाटायचं यांना नावाचं काही पडलेलं नसेल. पण उलट आहे. गावी जी पुडी बघितली तीच हवी असते. नाव मराठीत वाचता येत नाही, म्हणून रंग सांगतात. त्या रंगाची नसली तर दुसरी घेत नाहीत, पुढच्या दुकानात जातात.

तिसरे व्हिला आणि होमस्टेवाले. ते डिप बॅगाच नेतात, कारण भांडं घासायला लागत नाही.

आणि चौथे गाडेवाले, ज्यांच्यावर माझं घर चालतं. त्यांचा हिशेब मी हज्जारदा केलाय, इथेही मांडतो. एका कपाला अडीच ग्रॅम पावडर धरा. ३२० रुपये किलोची असेल तर कपामागे ८० पैसे. दूध साठ मिली, लिटरला साठ रुपये धरले तरी साडेतीन रुपयांच्या वर. साखर चाळीसेक पैसे. गॅस आणि कागदी कप वेगळे. म्हणजे दहा-पंधरा रुपयांना विकल्या जाणाऱ्या कपात चहाचा वाटा रुपयाच्याही आत! मी त्याला किलोमागे ६० रुपये महाग, म्हणजे बऱ्यापैकी वरच्या दर्जाचा माल दिला, तर त्याला कपामागे १५ पैसे जास्त पडतात. तरी तो घासाघीस करतो किलोच्या दरावर, आणि दुधाची पिशवी मुकाट्याने घेतो, कारण तिथे बोलायला जागाच नाही.

मला वाटतं, सगळा खेळ इथे आहे. कंपन्या जाहिरात करतात पिणाऱ्यासाठी, पण बाहेरच्या चहात निवड करतो उकळणारा. घरात मात्र पिणारा आणि उकळणारा एकच. मग एकाच पुडीने दोघांना कसं पटवायचं? की पटवूच नये?

---

पर्वरीतून

वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो. माचावर कोणीतरी लिहा बुवा, माझ्या मुलीने डबा आणलाय आणि त्याची किंमत तिने अजून सांगितलेली नाही.

---

जुना_सेल्समन

भाई, हिशेब चोख. मी कंपनीच्या लाईनवर बरीच वर्षं काढली, बार्देश-पेडणे-सत्तरी पट्टा. दुसरी बाजू सांगतो.

चहाच्या मोठ्या कंपन्या देशभर एकच चहा विकत नाहीत. टाटांचंच बघा: केरळात कानन देवन, तामिळनाडूत चक्रा गोल्ड, आंध्र-तेलंगणात जेमिनी. टाटा टी प्रीमियम तर एकाच नावाखाली राज्याराज्याप्रमाणे ब्लेंडही (चहाचं मिश्रण) बदलतं आणि पुडीवरचं चित्रही. हिंदुस्तान युनिलिव्हरकडे रेड लेबल, ताजमहाल, ताझा, दक्षिणेला थ्री रोजेस. दक्षिणेला बारीक भुकटी लागते, झटकन रंग सोडणारी. गुजरातेत जाड दाणा लागतो. पाणी, दूध, उकळायची पद्धत, सगळं बघून ब्लेंड ठरतो.

आता यात गोवा कुठे? कुठेच नाही! पंधरा-सोळा लाखांच्या वस्तीसाठी कोण वेगळा ब्लेंड काढणार? आपण कधी महाराष्ट्राच्या शेपटाला, कधी कर्नाटकाच्या. पुडीवर मराठी-हिंदी असेल तर माल वरून आला, कन्नड असेल तर खालून. कोकणी किंवा गोव्याचं म्हणून काही असलेली चहाची जाहिरात माझ्या बघण्यात नाही. तुमच्या मुलाला कुठे जागा असेल तर ती या फटीत आहे. पण फट बारीक आहे, हेही सांगून ठेवतो.

वजनाची गंमत लक्षात घ्या. पूर्वी चहाला ठरावीक वजनांचीच पाकिटं काढावी लागत. ते बंधन २०२२ मध्ये गेलं, त्याऐवजी ग्रॅममागे किंमत छापणं आलं. त्यामुळे दहा रुपयांचं पाकीट दहालाच राहतं, आत काय राहतं ते बाजारभाव ठरवतो. २०२४ मध्ये आसामात आधी पावसाने दडी मारली, मग पूर आले. देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या १३९ कोटी किलोंवरून १२८ कोटींच्या आसपास आलं, लिलावात भाव चढले आणि मोठ्या कंपन्यांनी पुड्यांचे दर वाढवले. तेव्हा २५० ग्रॅमच्या गिऱ्हाइकाने कुरकुर केली. दहाच्या पाकिटवाल्याला कळलंही नाही.

---

केपेंकार

आमचा गाडो आहे, वडील आणि मी. दुकानदार भाई, रागावू नका, पण १५ पैशांचं गणित कागदावर सोपं आहे.

गाड्यावर चहा एकदा उकळला की संपला असं नसतं. सकाळी पाव-भाजीच्या वेळेला पातेलं सतत चुलीवर असतं. वरून पाणी, वरून दूध, वरून पावडर. त्यात चांगल्या वासाचा चहा टाकला तर वास पहिल्या दहा मिनिटांत उडतो आणि उरतो तो रंग. आम्हाला रंग पाहिजे, तोही दुधात न मरणारा. म्हणून आम्ही दोन भाग दाणा आणि एक भाग भुकटी असं स्वतःच मिसळतो. दाणा चवीला, भुकटी रंगाला. गिऱ्हाईक येऊन 'एक कडक च्या दी' म्हणतं तेव्हा त्याला रंगच बघायचा असतो. ग्लास उजेडात धरून बघणारे आहेत आमच्याकडे.

बदल विचारता, तर हे बघा. फिकी मागणारे खूप वाढले. पूर्वी साखर पातेल्यातच पडायची, आता आम्ही बिनसाखरेचं वेगळं पातेलं ठेवतो. बिनसाखरेचा चहा लपवाछपवी करत नाही, कडू-तुरट सगळं जिभेवर येतं. त्या पातेल्याला आम्ही खरोखर महाग पावडर वापरतो. तेव्हा १५ पैसे कुठे घालायचे हे तुम्ही विचारलंत तर फिकीच्या पातेल्यात घाला.

दुसरं म्हणजे नाक्यावर अमृततुल्यची पाटी लागली आहे. फरश्या, दिवे, ठरलेली चव, वीस रुपये कप. पोरं तिकडे जातात, फोटो काढतात. भजी खायला मात्र आमच्याकडेच.

---

मुग्धा_फोंडा

केपेंकार भाऊ, फिकीच्या पातेल्याचं निरीक्षण एकदम बरोबर! आमच्या घरात तिघांचा मधुमेह आहे, त्यामुळे पुडी निवडताना मी आता वास आणि तुरटपणा बघते. आधी साखरेखाली काहीही खपायचं.

घरगुती बाजूने एक सांगते. 'आरोग्य' हा शब्द पुडीवर आला की दर वाढतो हे कंपन्यांना फार आधी कळलं. रेड लेबल नॅचरल केअरमध्ये तुळस, अश्वगंधा, ज्येष्ठमध, आलं, वेलची. कोविडच्या काळात तर असल्या पुड्या हातोहात गेल्या. आणि आमच्या आजीच्या परसात गवती चहा दारात उगवलेला, पाऊस पडला की दोन पाती तोडून टाकायची. धणे-जिऱ्याचं कषाय तर घरोघरी. हे सगळं आता सुंदर बरणीत भरून पर्यटकांच्या दुकानात विकतात. विकणाऱ्यांना दोष देत नाही, आमच्या गावच्या स्वयंसाहाय्य गटाच्या बायकाही वाळवलेली पाती विकतात आणि चार पैसे मिळवतात. पण घरच्यासाठी पुडी घेताना मी त्याला पैसे मोजणार नाही.

मला पुडीकडून काय हवं? सादळू नये एवढंच! झिपवाल्या पाऊचची झिप आठवड्यात बिघडते. जून ते सप्टेंबर कागदी पुडीतला चहा म्हणजे डब्यात ओतेपर्यंतच जिवंत. चहा ओल आणि वास दोन्ही ओढतो, मसाल्याच्या फळीवर ठेवला तर जिऱ्याचा वास येतो. गोव्यासाठी वेगळा ब्लेंड राहू दे, गोव्याच्या हवेसाठी १०० ग्रॅमची जाड, घट्ट बंद होणारी पुडी काढा. मी घेईन.

---

जुनेपान

चर्चा छान रंगली आहे. थोडा इतिहास, कारण 'मार्केटिंग' आज सुरू झालं असं वाचताना वाटू शकतं.

हिंदुस्थानी माणसाला चहा प्यायला शिकवलं तेच मुळी जाहिरातीने. १९०३ मध्ये ब्रिटिश सरकारने चहावर उपकर बसवला आणि तो पैसा प्रचाराला वापरला. सुरुवातीला लक्ष परदेशी बाजारावर होतं. पुढे मंदी आली, माल पडून राहू लागला, तेव्हा १९३० च्या दशकात देशातल्या गिऱ्हाइकाकडे जोरात मोर्चा वळला. रेल्वे स्टेशनांवर एनॅमलच्या पाट्या लागल्या. चहा कसा करावा याच्या सूचना वेगवेगळ्या लिप्यांत. फुकट कप वाटणारी माणसं गावोगाव हिंडली. त्या प्रचारकांना स्टॉलवाल्यांचा मसाला, भरपूर दूध आणि उकळणं अजिबात पसंत नव्हतं, कारण त्यात पत्ती कमी लागते. स्टॉलवाल्यांनी ऐकलं नाही, आणि आज जगभर ज्याला भारतीय चहा म्हणतात तो त्या न ऐकणाऱ्यांचा.

मग सीटीसी. पत्ती यंत्रात चिरडून, फाडून, गुंडाळून दाणा करायची ही पद्धत विल्यम मॅककर्चर यांनी आसामात अमगुरीच्या मळ्यावर १९३० च्या सुमारास काढली. पानाच्या चहापेक्षा किलोमागे जास्त कप आणि दुधाला पुरून उरणारा रंग. स्वातंत्र्यानंतर ती झपाट्याने पसरली, आणि आज देशात होणारा बहुतेक चहा तोच आहे. केपेंकारांचं पातेलं त्या यंत्रावर चालतं म्हणा ना.

अवांतर: चहा पिण्यात आपण जगात चीनच्या खालोखाल आहोत, हे एकूण किलोंमध्ये. डोईमागे वर्षाला ८०० ग्रॅमच्या आसपास. तुर्कस्तानात हाच आकडा तीन किलोंच्या घरात आहे. 'बाजार भरला' म्हणणाऱ्यांना हे दाखवावं.

---

आसगावची_वेलची

माचा विचारलंत ना, घ्या. मी एका कॅफेत काम करते (नाव नको, मालक इथे वाचतात).

माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या हिरव्या चहाच्या पानांची जात्यावर दळलेली पूड. पानच पोटात जातं, म्हणून रंग गडद आणि चव जरा समुद्री. जगभर मागणी एवढी वाढली की क्योटोच्या जुन्या दुकानांनी २०२४ च्या शेवटी ग्राहकामागे डबे मोजून द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे एक ग्लास माचा लाटे साडेतीनशेच्या पुढे. पिणारे कोण? दिल्ली-बंगळुरूहून येऊन इथे लॅपटॉप उघडून बसलेले, विशी-तिशीतले. गोंयकार पोरंही येतात, पण वाढदिवसाला. रोज नाही.

खरं सांगू? आमच्या कॅफेत सगळ्यात जास्त मार्जिन मसाला चायवर आहे. तोच सीटीसी, छोट्या पितळी किटलीत, सोबत दोन कांकणां (बांगडीसारखे कडक पाव) बशीत. कांकण पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून येतं, चहा बहुतेक दुकानदार काकांसारख्या कोणाकडून. बिल १८० रुपये. गिऱ्हाईक किटलीचा फोटो काढतं. माचावाल्याला जपानहून माल मागवावा लागतो, किटलीला फक्त घासावं लागतं.

तेव्हा काका, मुलाला सांगा इन्स्टाग्रामवर पुडी टाकू नकोस, कॅफेवाल्यांना गाठ. आम्हाला ठरलेल्या चवीचा, दर महिन्याला तस्साच येणारा चहा कोणी देत नाही. दर वेळी वेगळा रंग येतो आणि आचारी माझ्यावर ओरडतो.

---

पुण्याहून_पाहुणा

एवढा विचार कशाला? चांगल्या चालीच्या अमृततुल्यची फ्रँचायझी घ्या, डिचोलीत बसस्टँडजवळ टाका. ब्रँड तयार, मसाला तयार. पुण्यात चौकाचौकात चालतंय. गोवेकरांना एवढी वर्षं कोणी चांगला चहा पाजला नाही असं दिसतं!

---

केपेंकार

या एकदा सकाळी सातला, भजीबरोबर पाजतो.

---

जुना_सेल्समन

पाहुणे, चौकाचौकात चालतं तिथेच अडचण आहे. पुण्याचं जुनं अमृततुल्य म्हणजे राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांची दुकानं, पितळी भांडं, मालक स्वतः ओट्यावर. चव त्या हाताची. पाटीची फ्रँचायझी घेतली की मसाला आणि पावडर त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. ज्याचा बापजाद्यांचा धंदा चहा निवडून विकण्याचा, त्याने दुसऱ्याची पावडर का विकावी?

आणि गोव्याचा हंगाम विसरू नका. जूनपासून पर्यटक कमी, मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, जेटीवरचे गाडे थंड. ज्या चार महिन्यांत माणसाला चहा सगळ्यात जास्त हवासा वाटतो, त्याच महिन्यांत किनाऱ्यावरचा धंदा बसतो. भाडं मात्र बारा महिने.

आता पुडीबद्दल. दुकानातून पुडीकडे जायचा रस्ता जुनाच आहे. वाघ बकरीवाल्या देसाईंचा अहमदाबादचा गुजरात टी डेपो १९१९ चा. तिथे आधी सुटा चहाच विकायचे. पुडीचा पसारा त्यांनी मांडला तो १९८० मध्ये. मुंबईची सोसायटी, नाशिकची सपट, जालन्याची विक्रम, ही नावं आधी आपल्या टापूत रुजली, मग बाहेर गेली. पुडी निघेपर्यंत गिऱ्हाइकाला दुकानाचा चहा माहीत झालेला असायचा. मुलाला घाई असेल तर हे सांगा. नाहीतर नका सांगू, पोरं असली उदाहरणं आपल्यावरच उलटवतात.

---

मडगावची_जाहिरात

मी जाहिरातीच्या धंद्यात आहे म्हणून मोठ्यांच्या दोन गोष्टी सांगते.

ताजमहालने तबला आणि उस्ताद झाकीर हुसेन यांना धरून 'वाह ताज' केलं, आणि तो अभिजात संगीताचा धागा आजपर्यंत सोडला नाही. २०२३ मध्ये विजयवाड्यात त्यांनी एक भलंमोठं होर्डिंग उभं केलं. पाऊस पडला की त्यावरच्या पाण्याने संतूर वाजायचं, राग मेघ मल्हार. ब्रँड तोच, सूर तोच, फक्त वाजवणारा पाऊस. टाटांचं 'जागो रे' २००७ पासूनचं. चहा झोप उडवतो, मग मतदार जागा करू. रेड लेबल घराघरांतली दरी मिटवणारं. तिघांचीही जाहिरात बघितली तर चहाच्या चवीबद्दल जवळपास काही नाही. कारण चव सांगून पटत नाही.

छोट्या दुकानदाराला हे परवडणार नाही आणि गरजही नाही. त्याच्याकडे चव प्रत्यक्ष पाजायची सोय आहे. कंपनीकडे ती नाही, म्हणून तर ताजमहालला २०१५ मध्ये मुंबईत बांद्र्याला टी हाऊस उघडावं लागलं. काका, दुकानात एक छोटा स्टोव्ह आणि तीन पातेली ठेवा. डिचोलीचा बाजार भरतो त्या दिवशी तीन ब्लेंड पाजा. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला येणारी गर्दी तुमच्या दारावरून जाते, त्यासाठी कोणत्या होर्डिंगची गरज आहे?

---

पर्वरीतून

माचाचा डबा उघडला. मुलीने करून दिला. मी अर्धा प्यालो, उरलेल्यात साखर घातली तर ती माझ्याशी बोलत नाहीये. संध्याकाळी तिनेच आल्याचा चहा केला, स्वतःसाठीही.

---

दर्यादेगेर

वेर्ण्याच्या एका कारखान्यात प्रशासनात आहे. प्रीमिक्सबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण खरा बदल मला तिथे दिसतो.

आमच्याकडे पूर्वी चहावाला किटली घेऊन फिरायचा, दिवसातून दोनदा. आता मशीन. दूध पावडर, साखर आणि चहाचा अर्क एकत्र, बटण दाबलं की कप. चव सांगायची सोय नाही, पण दुधाची नासाडी नाही, कप मोजता येतात, चहावाल्याची रजा नाही. गोव्यात दूध आधीच बाहेरून येतं. गोवा डेअरीचं पुरत नाही, कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या गाड्यांवर आपण अवलंबून. घाटात गाडी अडकली की दूध उशिरा, आणि मशीनला त्याचं सोयरसुतक नसतं.

पण लोक मशीनचा चहा सकाळी एकदा घेतात आणि चार वाजता गेटबाहेरच्या गाड्यावर जातात. मॅनेजमेंटने बाहेर जायला बंदी केली तेव्हा प्रीमिक्स वाढलं नाही, चहाच कमी झाला. बंदी उठवावी लागली.

---

मुग्धा_फोंडा

दुकानदार काका, पुडी काढलीत तर भेसळीचं तपासून सांगा. सुट्या चहाची भीती तीच असते. फिल्टर पेपर ओला करून त्यावर पावडर पसरली, थोड्या वेळाने काढून वर पाणी सोडलं आणि कागदावर भडक डाग आले तर रंग चढवलेला. हे दुकानातच गिऱ्हाइकासमोर करून दाखवलंत तर माझ्यासारख्या दहा जणी परत सुट्या चहाकडे येतील.

---

डिचोलीचा_दुकानदार

सगळ्यांचे आभार. मुलाने धागा वाचला. 'बघा, सगळे पुडी काढा म्हणतात' असं त्याने जाहीर केलं. मी वाचला त्यात मुग्धाताई सोडल्या तर कोणीच तसं म्हटलेलं नाही. असो.

आमचं ठरलं ते असं. छापील घरगुती पुडी आत्ता नाही. आधी गाडेवाल्यांसाठी एक किलोची जाड पिशवी, दोन प्रकारची. एक नेहमीच्या पातेल्यासाठी, दाणा-भुकटी मिसळूनच, म्हणजे केपेंकारांना घरी मिसळत बसायला नको. दुसरी फिकीच्या पातेल्यासाठी, आसामचा उन्हाळी हंगामाचा दाणा आणि वासाला थोडा निलगिरीच्या डोंगरातला चहा. पिशवीवर किलोचा दर छोटा आणि कपाचा खर्च मोठ्या अक्षरात. ही कल्पना माझी, मुलाला आवडली नाही, पण गाडेवाल्याला कळेल. कॅफेंसाठी हाच दुसरा ब्लेंड, मात्र तो दर महिन्याला तस्साच ठेवणं हे सगळ्यात अवघड काम. माल हंगामाप्रमाणे बदलतो. केंद्राने २०२४ मध्ये उत्तरेकडच्या कारखान्यांना भुकटीच्या श्रेणी सगळ्या लिलावातूनच विकायला लावल्या, त्यानंतर भुकटीचे आमचे जुने हिशेबही बदलले. आता दर लॉटचा नमुना उकळून, जुन्या नमुन्याशेजारी ठेवून मगच मिसळायचं. ते काम मुलाच्या गळ्यात घातलंय. त्याची जीभ माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मान्य. तंबाखू खात नाही तो.

मुग्धाताईंची १०० ग्रॅमची पुडी चवथीनंतर, दुकानापुरती. ओल्या कागदाची चाचणी याच आठवड्यापासून, काउंटरवर. स्टोव्हही येतोय.

जुने सेल्समन भाई, परवान्याचं काय? सुट्याला एक आणि पिशवीला वेगळा लागतो का?

---

जुना_सेल्समन

एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, तुमच्याकडे काहीतरी असणारच, पण त्यात फेरपॅकिंगचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर घालून घ्या. वार्षिक उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी, वर गेली तर राज्याचा परवाना. तुमची उलाढाल मी इथे विचारत नाही. वजनमाप खात्याकडे पॅकर म्हणून नोंद करावी लागते. पिशवीवर नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना, एमआरपी, तक्रारीचा फोन हे सगळं हवं. फोन मुलाचा द्या.

---

केपेंकार

दोन्ही पिशव्यांचे नमुने पाठवा, आमच्या पातेल्यात सकाळी सहा ते अकरा टिकल्या तर बोलू. दर नंतर. आधी सांगा, उधारी किती दिवसांची? कंपनीवाला रोख मागतो, म्हणून तर आम्ही त्याची पावडर घेत नाही.

---

डिचोलीचा_दुकानदार

आठवड्याची. जत्रावाल्यांना जत्रा उठेपर्यंत. तुम्हाला पंधरवडा, पण केप्यापर्यंतचं भाडं तुमच्याकडे.